पान उघडेना, तेव्हा आधी काय पाहावे

पत्ता टाकून एंटर दाबले आणि टॅबवरचे चक्र फिरतच राहिले, की बहुतेक जण तीनपैकी एक गोष्ट करतात. कुणी रिफ्रेश दाबत राहतो, कुणी राउटर बंद करून पुन्हा चालू करतो, तर कुणी पूर्वी कधीतरी कानावर आलेले ‘कॅशे क्लिअर’ (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फाइली पुसणे) करून टाकतो. या तिन्हींपैकी एखाद्या उपायाने कधी ना कधी गुण आलेला असतो, म्हणून त्यावरचा विश्वास टिकून राहतो. मात्र गुण नेमका कशाने आला हे न कळल्यामुळे पुढच्या खेपेला पुन्हा अंदाजपंचे सुरुवात करावी लागते. नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे संगणक पाहून देण्याचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे आपसूक आलेले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे: दुरुस्तीला सहसा पाच मिनिटे लागतात, तास जातो तो बिघाड भलत्या ठिकाणी शोधण्यात. म्हणून या लेखात उपायांपेक्षा शोधाच्या क्रमावर अधिक भर दिला आहे. (ब्राउझरला ‘न्याहाळक’ असा मराठी शब्द आहे, परंतु तक्रार सांगताना तो कुणाच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही, म्हणून ब्राउझर हाच शब्द ठेवला आहे.)

एखादे पान पडद्यावर येण्याआधी बरेच काही घडून गेलेले असते. आपला फोन किंवा संगणक वाय-फायने राउटरशी बोलतो आणि राउटर सेवा देणाऱ्या कंपनीशी. मग आपण टाकलेल्या नावाचा अंकी पत्ता डीएनएस नावाच्या यंत्रणेकडून मिळवला जातो, त्या पत्त्यावरच्या सर्व्हरशी (संकेतस्थळ साठवून ठेवणाऱ्या संगणकाशी) जोडणी होते, सर्व्हर आपली ओळख पटवणारे प्रमाणपत्र दाखवतो, ब्राउझर ते तपासतो आणि त्यानंतरच मजकूर, चित्रे व प्रोग्रॅमचे तुकडे उतरू लागतात. ते सगळे जुळवून पान रंगवण्याचे काम शेवटी ब्राउझरचे. यातली कोणतीही कडी निसटली तरी वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच, की पान उघडत नाही.

तीन प्रश्न

कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. पहिला प्रश्न, एकच संकेतस्थळ अडले आहे की सगळीच? हे पाहताना रोजचे, आधीच उघडून ठेवलेले पान पुन्हा पाहू नये, कारण ब्राउझर त्याची साठवलेली प्रत दाखवून आपली दिशाभूल करू शकतो. जिथे आपण कित्येक महिन्यांत गेलेलो नाही असे एखादे मोठे संकेतस्थळ उघडून पाहावे. तसेच व्हॉट्सॲपवर संदेश जातो आहे, म्हणजे नेट ठीक आहे, असा निष्कर्षही काढू नये. चार शब्दांचा संदेश इतक्या थोड्या डेटात जातो, की अगदी मरणपंथाला लागलेल्या लाइनवरूनही तो पोहोचतो.

दुसरा प्रश्न, त्याच यंत्रावर दुसऱ्या ब्राउझरमध्ये काय होते? क्रोममध्ये न उघडणारे पान एज किंवा फायरफॉक्समध्ये उघडले, तर राउटर, लाइन आणि सर्व्हर यांच्यावरचा संशय बराचसा दूर होतो. तिसरा प्रश्न, त्याच वाय-फायवर दुसऱ्या यंत्रात काय होते, आणि तेच यंत्र फोनच्या हॉटस्पॉटला जोडल्यावर काय होते? संगणकावर न उघडणारे पान हॉटस्पॉटवर लगेच उघडले, तर दोष घरच्या जोडणीत आहे. हॉटस्पॉटवरही उघडले नाही, पण शेजारच्या लॅपटॉपवर उघडले, तर दोष त्या संगणकात आहे. आणि कुठेच उघडले नाही, तर तो दोष आपला नाही. चहा घेऊन अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे.

हे सांगायला इतके सोपे आहे, की करून पाहण्याचा लोक कंटाळा करतात. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याचशा या तिसऱ्या प्रश्नापाशीच संपल्या आहेत. आणखी एक पथ्य पाळावे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पान उघडून पाहावे. राउटरही बंद-चालू केला, कॅशेही पुसला आणि डीएनएसही बदलला, तर त्यातले काय लागू पडले हे कळत नाही आणि नको असलेला बदल मात्र यंत्रात कायमचा राहून जातो.

पडद्यावर लिहिलेले वाचावे

ब्राउझर पान उघडू शकला नाही, तर त्याचे कारण तो बहुतेक वेळा सांगतो. क्रोममध्ये मोठ्या अक्षरांतल्या दिलगिरीवजा वाक्याच्या खाली करड्या रंगात एक बारीक ओळ असते. लोक वरचे वाक्य वाचतात, निदान मात्र खालच्या ओळीत असते. फोनवरून मदत मागणाऱ्याला मी सर्वांत आधी तीच ओळ अक्षर न् अक्षर वाचायला सांगतो.

त्या ओळीत ‘इंटरनेट डिसकनेक्टेड’ असे असेल आणि वर तो परिचित डायनासोर उभा असेल, तर यंत्राला जोडणीच मिळालेली नाही; ब्राउझरचा त्यात काहीही दोष नाही. ‘नेम नॉट रिझॉल्व्ड’ किंवा ‘एनएक्सडोमेन’ हे शब्द दिसले, तर नावावरून अंकी पत्ता मिळाला नाही असा अर्थ होतो. इथे आधी पत्त्याचे स्पेलिंग तपासावे, कारण नावात एक अक्षर चुकले तरी हाच संदेश येतो. स्पेलिंग बरोबर असेल तर डीएनएसकडे वळावे. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पत्ता मिळाला, हाक मारली, पण ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही. लाइन फार मंद असणे, मधल्या एखाद्या फायरवॉलने (ये-जा गाळणाऱ्या सुरक्षायंत्रणेने) अडवणे किंवा समोरचा सर्व्हर बंद असणे, ही तीन कारणे त्यामागे असू शकतात. ‘प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड’ हा संदेश घरगुती संगणकावर दिसला, तर तो नशिबाने सोपा दोष समजावा: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या विभागात जाऊन प्रॉक्सीचे (नेटवर जाताना मध्ये ठेवलेल्या मध्यस्थ सर्व्हरचे) बटण बंद केले की पाने उघडतात. मात्र ते बटण आपण चालू केलेले नसेल, तर कोणत्या प्रोग्रॅमने केले हे शोधावे आणि अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी एकदा चालवावी. कार्यालयाच्या संगणकावर प्रॉक्सी मुद्दाम ठेवलेली असू शकते. तिला परस्पर हात लावू नये.

अंकी संदेशांचा अर्थ याहून वेगळा असतो, कारण ते समोरच्या सर्व्हरकडून आलेले असतात. म्हणजे तिथपर्यंतचा सगळा रस्ता नीट चालू आहे. ४०४ हा अंक, ते विशिष्ट पान त्या जागी नाही, एवढेच सांगतो; संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावरून नवा दुवा शोधावा. ५०० पासून ५०४ पर्यंतचे अंक दिसले, तर तिकडचा सर्व्हर कोलमडला आहे, गर्दीने गुदमरला आहे किंवा दुरुस्तीसाठी बंद आहे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी लाखो घरांतून एकाच वेळी पान उघडले जाते तेव्हा ५०३ दिसणे हे त्यातलेच. अशा वेळी दर दोन सेकंदांनी रिफ्रेश दाबल्याने आपण रांगेत पुढे जात नाही, उलट रांग लांबवतो. निकाल डिजिलॉकरसारख्या दुसऱ्या ठिकाणीही मिळत असेल तर तिकडे वळावे, किंवा तासाभराने यावे. पैसे भरण्याच्या मधल्या टप्प्यावर पान अडकले असेल तर रिफ्रेश मुळीच करू नये, कारण तोच व्यवहार पुन्हा पाठवला जाण्याची शक्यता असते. आधी बँकेचा संदेश किंवा खात्यातील शिल्लक पाहावी.

लाइन, राउटर आणि संपलेला डेटा

सगळीच यंत्रे अडली असतील तर राउटरसमोर जाऊन उभे राहावे. फायबरच्या जोडणीत भिंतीजवळ जो छोटा डबा असतो, त्यावर ‘एलओएस’ असे लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल होऊन लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा संकेत डब्यापर्यंत पोहोचत नाही: रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली असेल, टेबल सरकवताना घरातलीच बारीक तार दुमडली असेल किंवा डब्यातून निसटली असेल. तार हलक्या हाताने नीट बसवून पाहावी आणि तरीही दिवा लालच राहिला तर थेट तक्रार नोंदवावी. त्यानंतर ब्राउझरमध्ये काहीही करण्यात अर्थ नाही. दिवे ठीक असतील, तर राउटरचा प्लग काढून अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा लावावा आणि तो पूर्ण सुरू होईपर्यंत दोन-तीन मिनिटे द्यावीत. घाईने बटण खाली-वर केल्याने हे काम होत नाही.

घरचे वाय-फाय सहसा दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी लांब जाते, पण तिच्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिच्यात ढवळाढवळ करतो. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान, परंतु भिंतींपुढे लवकर हात टेकणारी. जुन्या दगडी वाड्यात किंवा काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे पाने रखडत असतील, तर लॅपटॉप राउटरच्या खोलीत नेऊन पाहावे. तिथे सगळे सुरळीत चालले, तर उपाय राउटरची जागा बदलण्याचा आहे. टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाच्या माथ्यावर राउटर ठेवण्याची आपल्याकडे जी पद्धत पडली आहे, ती संकेतासाठी सर्वांत वाईट.

मोबाइल डेटावर अडणाऱ्या पानांचे एक कारण इतके सर्रास आढळते, की त्याचा हिशेब मांडणे भाग आहे. बऱ्याच प्रीपेड योजनांत रोजचा डेटा संपला की जोडणी तुटत नाही, फक्त वेग ६४ केबीपीएसवर येतो. हे ६४ म्हणजे किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट धरला तर सेकंदाला ८ किलोबाइट झाले. आजचे एखादे साधारण पान २ मेगाबाइटचे धरले, तर ते पूर्ण उतरायला सुमारे २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून जास्त वेळ लागेल, आणि तेवढा वेळ थांबण्याआधीच कुठला ना कुठला दुवा कंटाळून तुटेल. फोनवर चार रेघा पूर्ण दिसतात, व्हॉट्सॲपचे संदेश जातात, पण पान मात्र उघडत नाही, आणि रात्री बारानंतर सारे आपोआप ठीक होते, अशी लक्षणे असतील तर फोन सेवाकेंद्रात नेण्याची गरज नाही. कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक डेटा पाहावा. तिथे शून्य दिसले की शोध संपला.

स्टेशनवरचे, हॉटेलमधले किंवा रुग्णालयातले मोफत वाय-फाय हा वेगळा प्रकार. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेने मोफत वाय-फाय सुरू केले, तेव्हापासून प्रवाशांना तो ओळखीचा झाला आहे: जोडणी होते, परंतु मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकल्याशिवाय एकही पान उघडत नाही. तो क्रमांक मागणारे पानच कधीकधी समोर येत नाही. त्याचे कारण असे, की आजची बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर चालतात, आणि अशा जोडणीत मध्येच शिरून दुसरे पान दाखवण्याची सोय नसते. अशा वेळी ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ हे मुद्दाम असुरक्षित ठेवलेले साधे पान उघडावे. त्याच्या जागी नोंदणीचे पान येते. व्हीपीएन (आपली जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारी सेवा) चालू असेल तर नोंदणी होईपर्यंत तो बंद ठेवावा.

नावावरून पत्ता मिळत नसेल तेव्हा

डीएनएस ही इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी आहे, ही उपमा जुनी असली तरी अजून चालते. आपल्या राउटरला सहसा सेवा देणाऱ्या कंपनीची डिरेक्टरी आपोआप मिळते. ती बंद पडली किंवा मंदावली, तर लाइन शाबूत असूनही नावाने एकही पान उघडत नाही. काही संकेतस्थळे उघडतात, काही नाहीत, आणि उघडणाऱ्या पानालाही पहिली दोन-चार सेकंदे कोरेच राहावे लागते, अशा लक्षणांतही संशय इथेच घ्यावा. पर्याय म्हणून सार्वजनिक डीएनएस वापरता येतात: गूगलचा ८.८.८.८ हा २००९ पासून आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा एप्रिल २०१८ पासून उपलब्ध आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज या वाटेने गेल्यावर डीएनएस सर्व्हर असाइनमेंटसमोर एडिटचे बटण दिसते. तिथे मॅन्युअल निवडून आयपीव्ही४ चालू करावे आणि हे अंक इंग्रजी आकड्यांत टाकावेत. त्याआधी तिथे जे काही असेल त्याचा फोटो काढून ठेवावा. कार्यालयातल्या संगणकावर हा बदल करू नये, कारण कार्यालयाच्या आतील संकेतस्थळांची नावे बाहेरच्या डिरेक्टरीत नसतात.

यात एक मेख आहे, जिने मला स्वतःला एकदा चांगलेच फिरवले. क्रोमच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘यूज सिक्युअर डीएनएस’ नावाचे सेटिंग असते, आणि फायरफॉक्समध्येही तसेच एक आहे. त्यामुळे एकाच संगणकावरचे दोन ब्राउझर दोन वेगळ्या डिरेक्टऱ्या पाहत असू शकतात. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडले म्हणून मी ब्राउझरचा दोष शोधत बसलो होतो, आणि दोष होता डीएनएसचा. म्हणून तीन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर घेताना हे सेटिंग एकदा पाहून घ्यावे. अँड्रॉइड फोनवर, ९ व्या आवृत्तीपासून, ‘प्रायव्हेट डीएनएस’ याच जातीचे सेटिंग आहे. जाहिराती बंद करण्यासाठी कुणीतरी तिथे एखाद्या सर्व्हरचे नाव घालून दिलेले असते आणि ते विसरून गेलेले असते. पुढे तो सर्व्हर बंद पडला की वाय-फायवरही आणि डेटावरही फोनमधले सगळे ठप्प होते. तिथे ‘ऑटोमॅटिक’ निवडले की फोन पूर्ववत होतो.

घड्याळ

आमच्या सोसायटीच्या कार्यालयात एक जुना डेस्कटॉप आहे. एके सकाळी सचिवांनी बोलावले. “कालपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. आज कुठलीही साइट उघडा, ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ म्हणतंय. नेट तर चालू आहे, माझ्या फोनवर येतंय की!” त्यांनी ब्राउझर काढून पुन्हा बसवला होता, राउटर दोनदा बंद-चालू केला होता आणि सेवा देणाऱ्या कंपनीला फोनही करून झाला होता. मी खुर्चीत बसलो, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहिले आणि म्हणालो, “काका, आज तारीख काय?” कोपऱ्यात १ जानेवारी २००९ दिसत होते.

सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, आणि ही मुदत आता फार लांब नसते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रे अनेक वर्षे ९० दिवसांच्या मुदतीने दिली जात आली आहेत. संगणकाच्या मते साल २००९ असेल, तर समोर आलेले प्रत्येक प्रमाणपत्र अजून लागूच व्हायचे आहे, आणि ब्राउझर ते नाकारतो. कधीकधी क्रोम ‘युअर क्लॉक इज बिहाइंड’ असे स्पष्ट सांगतो. बऱ्याचदा मात्र सांगत नाही, आणि खालच्या ओळीतल्या ‘डेट इनव्हॅलिड’ या शब्दांवरूनच ते ओळखावे लागते.

तारीख दुरुस्त केली आणि सगळी पाने उघडू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा २००९. रात्री पहारेकरी कार्यालयाचा मेन स्विच बंद करत असे, आणि वीज नसताना मदरबोर्डवरचे घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी मेलेली होती. ती सीआर २०३२ या क्रमांकाची, ३ व्होल्टची असते आणि कोणत्याही घड्याळजीकडे मिळते. प्लग काढून, खाचेतला चिमटा नखाने बाजूला करून ती बदलायला दहा मिनिटे लागली. तारीख आपोआप जुळवण्याचे सेटिंग विंडोजमध्ये चालूच होते, पण फरक वर्षांचा असला की त्यावर विसंबून राहता येत नाही; तारीख आधी हाताने जवळ आणावी लागते. प्रमाणपत्राची तक्रार एकाच संकेतस्थळावर येत असेल आणि आपले घड्याळ बरोबर असेल, तर चूक त्यांची आहे, आणि तिथे, विशेषतः बँकेच्या नावाच्या पानावर, ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय निवडू नये.

ब्राउझर स्वतः दोषी असेल तर

इथपर्यंत काहीच सापडले नाही, आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान खुशाल उघडते आहे, तर मग ब्राउझरकडे वळावे. पहिली तपासणी इनकॉग्निटो खिडकीची: क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट व पी. या खिडकीत जुन्या कुकी (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) नसतात आणि क्रोममध्ये आपण वेगळी परवानगी दिलेली नसल्यास एक्स्टेन्शनही (ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम) चालत नाहीत. पान इथे उघडले, तर गुन्हेगार तीन: एक्स्टेन्शन, कुकी किंवा साठवलेल्या जुन्या फाइली.

अनुभवाने सांगतो, पहिला संशय एक्स्टेन्शनवर घ्यावा. पीडीएफ बदलून देणारे, कूपन शोधणारे, व्हिडिओ उतरवून घेणारे असे एखादे कधीतरी एका कामासाठी बसवलेले असते आणि मग ते प्रत्येक पानाच्या मध्ये उभे राहते. सगळी एक्स्टेन्शन बंद करावीत, पान उघडून पाहावे, आणि मग एकेक चालू करत जावे; ज्याच्यानंतर पान अडेल ते काढून टाकावे. जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन मात्र लगेच काढू नये. त्या एका संकेतस्थळापुरते ते थांबवता येते.

एक्स्टेन्शन निर्दोष ठरले, तर आधी कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबून पान साठवलेल्या फाइलींशिवाय नव्याने मागवावे. तेवढ्याने भागले नाही, तर त्या एकाच संकेतस्थळाचा डेटा पुसावा: पत्त्याच्या डावीकडच्या लहान चिन्हावर क्लिक केले की कुकी आणि साइट डेटाचा पर्याय येतो. सगळ्या संकेतस्थळांचा सगळा इतिहास पुसून टाकण्याचा सरसकट सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. त्याने सगळीकडून लॉग आउट होते, अर्धवट भरलेले अर्ज जातात, आणि पासवर्ड आठवत नसलेल्या आजोबांच्या नातवाला रविवारी पुन्हा यावे लागते. शिवाय त्यानंतर काही काळ प्रत्येक पान आधीपेक्षा हळू उघडते, कारण साठवलेल्या फाइली पुन्हा उतरवाव्या लागतात.

पाने उघडतात पण सगळेच जड झाले आहे, टंकलेली अक्षरे उशिरा उमटतात, पंखा गरगरतो आहे, अशी तक्रार असेल तर नेटचा संबंध कमी आणि मेमरीचा जास्त. क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबल्यावर ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती मेमरी खातो ते दिसते. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तीस टॅब उघडे ठेवून वेगाची अपेक्षा करता येत नाही. पाने अर्धी रंगून काळी किंवा पांढरी पडत असतील, तर सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’ विभागात ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचे बटण बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. जुन्या ग्राफिक्स कार्डांवर याचा उपयोग होतो.

आवृत्तीकडेही पाहावे. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे, ती जानेवारी २०२३ मधली. त्या संगणकांवर क्रोम पुढे सरकत नाही, आणि नव्या तंत्राने बांधलेली पाने हळूहळू मोडकी दिसू लागतात किंवा उघडतच नाहीत. असा संगणक टाकून देण्याआधी त्यावर फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची दीर्घ मुदतीची आवृत्ती बसवून पाहावी. याच्या उलट टोकाला काही जुनी कार्यालयीन संकेतस्थळे अशी आहेत, की ती फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच नीट चालत. तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, पण एजच्या सेटिंग्जमधल्या ‘डीफॉल्ट ब्राउझर’ विभागात ‘इंटरनेट एक्स्प्लोरर मोड’ची परवानगी देता येते, आणि डिजिटल सहीच्या कामासाठी अडलेली अनेक पाने त्यात उघडतात. फ्लॅशवर चालणारी पाने मात्र कायमची गेली. त्याचा आधार २०२० च्या अखेरीस संपला.

एवढे सगळे करूनही ब्राउझर ताळ्यावर आला नाही, तर शेवटचा मार्ग रीसेटचा. क्रोममधील रीसेटने एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकी जातात, परंतु बुकमार्क, इतिहास आणि जतन केलेले पासवर्ड शाबूत राहतात. फायरफॉक्सचे ‘रिफ्रेश’ एक्स्टेन्शन काढून टाकते आणि जुना डेटा डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवते. आठवडाभर सगळे नीट चालल्याची खात्री पटेपर्यंत तो फोल्डर पुसू नये. ब्राउझर काढून पुन्हा बसवण्याचा मात्र फारसा उपयोग होत नाही, कारण बिघडलेले प्रोफाइल (आपली सेटिंग्ज आणि डेटा असलेला फोल्डर) बहुधा संगणकावर तसेच राहते आणि नव्या ब्राउझरला तेच मिळते.

तक्रार करताना

दोष लाइनचा ठरला आणि कंपनीला फोन करण्याची वेळ आली, तर हातात चार गोष्टी असाव्यात: अडचण सुरू झाल्याची वेळ, राउटरवरचे कोणते दिवे कसे दिसतात, लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडल्यावर काय झाले, आणि खालच्या बारीक ओळीसकट पडद्याचा फोटो. केबलने जोडूनही पान उघडत नाही असे आधीच सांगितले, की ‘वाय-फायच्या जवळ जाऊन पाहा’ हा फेरा वाचतो. वेगाबद्दल बोलताना एकक सांभाळावे: १०० एमबीपीएसच्या योजनेत फाइल सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट उतरते, आणि तेवढी उतरत असेल तर तक्रारीला जागा नाही.

मदतक्रमांक बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधून घ्यावा. सर्चमध्ये वर दिसणारा क्रमांक अनेकदा भामट्यांचा असतो. ते ‘तपासणीसाठी’ स्क्रीन दाखवणारे ॲप बसवायला लावतात आणि मग ओटीपी वाचून घेतात. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. तसे ॲप चुकून बसवलेच, तर आधी फोनचे नेट बंद करावे, ॲप काढून टाकावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर नोंद करावी.